काटोलची दहा धुतलेली झाडं

कीटकशास्त्रात पीएचडी करणारी माणसं फिरतात खूप, पण फोटो टाकण्यासारख्या जागी क्वचितच. तरी कोणाला संत्र्याची बाग बघायची असेल तर नागपूरहून काटोलची सकाळची एसटी पकडा. दीड-दोन तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या. बागेपर्यंत ऑटो मिळतो, परतीचा मात्र तेव्हाच ठरवून ठेवा.

धनराजभाऊंच्या बागेत मी दीड वर्षापासून जाते. संत्र्याच्या पानांमागे काळी माशी बसते आणि झाड काजळी फासल्यासारखं होतं. इकडे त्याला कोळशी म्हणतात. मोहरीहून बारका एक कीटक या माशीच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना संपवतो. फवारणीशिवाय, नुसत्या त्याच्या भरवशावर झाड सुधारतं का, हा माझा प्रश्न. त्यासाठी भाऊंनी फाटकाजवळची दहा झाडं बिनफवारणीची सोडली होती. आज त्यांची शेवटची मोजणी होती.

फाटकातून शिरले तर काय! दहाही झाडं चकाचक!

"भाऊ, फवारलं?"

"पोरीले पाहाले पाहुणे आले होते, ताई," भाऊ मान खाली घालून म्हणाले. "फाटकातच काळी झाडं. काय म्हटलं असतं त्यांनी? मंग धुतली, फवारली."

"मी म्हटलं होतं, ताईले फोन करा म्हणून," काकू, भाऊंची बायको, बागेतल्या घरातून ओरडल्या. "आयकते कोण!"

संताप तर असा आला! मग विचारलं, "जमलं का?"

"जमलं."

कप्पाळ माझं! प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "मागच्या मोजण्यांवरून अंदाजे आकडे भरून टाक गं. कोण येतंय बघायला?"

खोटं कशाला सांगू, वही उघडली होती मी. दोन आकडे लिहिलेही. मग स्वतःचीच किळस आली. ते खोडले आणि खाली लिहिलं: फवारणी झाली, प्रयोग रद्द.

"भाऊ, दुसरी दहा झाडं द्या."

"बांधाजवळची घ्या. तिकडं पाहुणे जात नाही."

'फवारू नये' अशी पाटी भाऊंनीच ठोकली. मी पहिल्या झाडापासून पानं मोजायला बसले. दुपारी काकूंनी भाकरी आणि झुणका बांधावरच आणून दिला. रडायचं राहिलं होतं, ते परतीच्या बसमध्ये उरकलं.

नागपुरात महाल भागातल्या घरी पोचले तर आई दारातच. "झालं एकदाचं?"

"नाही. पुन्हा पहिल्यापासून. वर्ष वाढलं."

"अगं, लोकं विचारतात, पोरीचं शिक्षण संपणार कधी. काय सांगू त्यांना?"

"सांग, पोरगी पानं मोजून राहिली."