जिराफाचे पाय बघायला पाली ते म्हैसूर

लोक म्हैसूरला राजवाडा बघायला जातात. मी गेलो जिराफाचे पाय बघायला. ‘साठी बुद्धी नाठी’ असं आमची ही म्हणाली, आणि मग स्वतःच बॅग भरायला घेतली.

झालं असं. पालीच्या अंगणवाडीच्या भिंतीवर मी नोकरीत असताना एक जिराफ रंगवला होता. पावसाने त्याचे पोपडे निघाले, म्हणून यंदा निवृत्त माणसाला कामाला लावलं. मी स्टुलावर चढून मान रंगवत होतो, तेवढ्यात सुगंधा दुधाची किटली घेऊन आली. आमच्याकडे दूध तीच घालते. चौथीला माझ्या वर्गात होती.

“काय वो गुरुजी, पाय अजून घोड्याचेच?” म्हणाली नि गेली.

मी स्टुलावरच बसलो. वीसेक वर्षांपूर्वी भिंतीवरचं हेच चित्र मी वर्गाला काढायला दिलं होतं. सुगंधाच्या जिराफाला गाईसारखे फाटलेले खूर होते. ‘हा गोठा नाही’ असं लाल शाईने लिहिलं आणि तिचं चित्र तालुक्याच्या स्पर्धेला पाठवलं नाही. वर्ग हसला होता. त्यानंतर तिने चित्रकलेची वही आणणंच सोडलं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पुतण्याने मोबाईलवर जिराफ दाखवला, तर पाय गवतात बुडालेले! आणखी शोधलं असतं तर मिळाले असते. पण खरं सांगतो, मला बसल्या जागी हरायचं नव्हतं.

पालीहून सकाळच्या एसटीने कोल्हापूर. हिला महिलांचं आणि मला म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट, त्यामुळे आंबा घाट दोघांनाही एका तिकिटात. वळणांवर पोट ढवळणाऱ्यांनी खिडकी धरावी आणि न्याहारी कोल्हापुरात उतरूनच करावी. आम्ही घरची घावनं बांधून घेतली होती, तरी मी मिसळ मागवलीच. डोळ्यांतून पाणी आलं. ही म्हणाली, “आत्ताच रडून घ्या, म्हैसूरला वेळ मिळायचा नाही.” पुढे बसने हुबळी, तिथे मुक्काम करून रेल्वेने म्हैसूर. आरक्षण आधी करा. आणि प्राणीसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, ते बघूनच निघा. चालणं बरंच आहे, जुन्या चपला घाला.

आत शिरल्यावर ही हत्तीपाशी रेंगाळली. मी सरळ जिराफाकडे. पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितला आणि पाय-बिय विसरलोच. केवढं ते धूड! चालताना एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलतो, तरी डुलत नाही. काळपट जीभ लांबवून उंच टांगलेला पाला ओरबाडतो. एवढ्या मानेत मणके मात्र सातच, तुमच्या-माझ्याइतके, फक्त एकेक वीतभर लांब. डोक्यावरची शिंगं म्हणजे कातडीने मढवलेलं हाड. मी ती भिंतीवर अँटेनासारखी काढून ठेवली होती. पाणी प्यायला पुढचे पाय फाकवले तेव्हा तर मीच कुंपण धरलं, पडेल की काय म्हणून.

मग तो सावलीत उभा राहिला. ही शेजारी येऊन बघत होती. तिचं माहेर गुहागरचं, लहानपण गोठ्यात गेलेलं.

“अहो, मानेकडे बघा. गोळा वर चाललाय.”

खरंच, कातडीखालून एक गोळा सरसर वर गेला आणि जबडा आडवा हलायला लागला.

“रवंथ करतोय मेला! मग खूर काय बघायचे? फाटलेलेच असणार.”

तेवढ्यात तो ओल्या मातीतून पलीकडे गेला. मागे ठसे उमटले, प्रत्येक ठसा मधोमध दुभागलेला. आमच्या बैलाचा असतो तसाच, फक्त ताटाएवढा. मला लाज वाटली. रवंथ करणाऱ्या जनावरांचे खूर दुभंगलेले, हे मीच चौथीच्या वर्गात घोकून घेतलं होतं. त्या पोरीने गाय काढलीच नव्हती, माझा धडा काढला होता.

राजवाडा बघितला, मैसूरपाक घेतला, परत आलो. घाट उतरताना मिसळीची वासना झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा आली. चहा टाकायच्या आधीच मी सांगून टाकलं, “तुझे पाय बरोबर होते गं. मी चुकलो.”

ती दूध मापत राहिली. “ठाऊक हाय मला.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुम्ही गुरुजी होतात.”

मी रंगाचा डबा आणि ब्रश तिच्यापुढे धरला. “स्पर्धा काही परत येणार नाही. पण भिंत आहे. काढतेस?”

नाय, नाय म्हणत अंगणवाडीपर्यंत आली. पदर खोचून भिंतीपाशी उकिडवी बसली. पहिली रेघ पुसली, दुसरी ठेवली. पुढचे दोन खूर असे उतरले, की आता पाऊल टाकेल. मग ब्रश माझ्या हातात दिला.

“मागचे तुम्ही काढा. बघू, शिकलात काय ते.”

मी काढले. तिने मान वाकडी करून नीट तपासले, आणि डावा पुसायला लावला.