साठीशांतीचं तूप

मित्रांनो, माझ्या एचआयव्हीबद्दल या ग्रुपवर सगळ्यांना माहीतच आहे. आज सकाळी बायकोसोबत तपासणीला गेलो होतो. विषाणू गोळ्यांमुळे आटोक्यात आहे, कोलेस्टेरॉल मात्र वाढलंय.

आजाराच्या सुरुवातीला मी पार वाळलो होतो. तेव्हापासून बायको रोज भातावर तुपाची धार धरते. माझं पोट सुटलं, तेव्हा तिने देवापुढे पेढे ठेवले होते!

"एचआयव्ही असला की हृदयविकाराचा धोका जास्त असतो. आत्ताच वजन आवरा, नाहीतर साठीनंतर त्रास होईल," डॉक्टर रागावल्या.

बायकोचे डोळे भरून आले. माझ्या साठीबद्दल आमच्याशी कोणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं. डॉक्टर, असंच रागवत राहा.

दुपारी वरणभातावर तूप नव्हतं. "अहो, आता थेट तुमच्या साठीशांतीला," ती म्हणाली.

याल ना सगळे जेवायला?