जिजाची बिनआवाजी नक्कल

जिजाच्या गळ्यात अख्खं गाव वस्तीला होतं. खोपोलीजवळचं, पाताळगंगेच्या काठचं ते गाव. रोहिदास दुकानदार चष्मा नाकावर ओढून "उधारी बंद हाय. बोल, काय देऊ?" म्हणायचा. तेच वाक्य जिजाच्या तोंडून आलं की खुद्द रोहिदासची बायको चमकून मागं बघायची. धाऊआत्या "मी काय बोलत नाय बाबा" म्हणून सुरुवात करायची आणि तासभर बोलायची. जिजा तो तास दोन दमांत उतरवायची. आणि गजा. गजा संध्याकाळी बाजारातून दारूनं भरून यायचा आणि झुलत झुलत विजेच्या प्रत्येक खांबाला विचारायचा, "काय पावनं, बरं हाय ना?" लग्नाचा मांडव असो की लावणीचा चिखल, कुणीतरी म्हणायचंच, "जिजे, गजा कर गं," आणि जिजा पदर खोचून गजा व्हायची.

मग एका वर्षी मोठा ताप आला आणि जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. डाव्यात ढगांचा गडगडाट तेवढा उरला, उजव्यात तोही नाही. जिजा ओठ वाचायला शिकली. नकला सुटल्या नाहीत, फक्त तिच्या गळ्यातलं गाव त्या वर्षावर थांबलं. धाऊआत्याचा नातू साईराज आता मिशा राखून पोलीसभरतीसाठी पहाटे रस्ता धावतो. जिजाच्या नकलेत तो अजून चिरक्या आवाजात "आजी, हा मला मारतो" म्हणायचा. बायका हसून लोळायच्या आणि साईराज तिथून सटकायचा.

घरातल्या एकाच माणसाची नक्कल तिला येत नव्हती, सून सुरभीची. भिसेगावची पोर. मुलाशी, नवीनशी, लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासूचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिजाला सुरभीचे ओठ पाठ होते, आवाज माहीत नव्हता.

"आई, माझी कधी करणार?" सुरभी ओठ मोठे करून विचारायची.

"तुजा आवाज दे, मंग करते."

जिजा हे हसत म्हणायची, पण तो आवाज तिला खरोखरच हवा होता. घरात रोज वावरणारं माणूस आणि त्याचा आवाज आपल्यापाशी नाही, हे तिच्यासारख्या बाईला भाजीत मीठ नसल्यासारखं वाटायचं.

म्हणून तर ती ऑपरेशनला तयार झाली. मुंबईच्या हॉस्पिटलात उजव्या कानात मशीन बसवलं. आत गोगलगायीसारखा भाग असतो, त्यात बारीक तार. चामडीखाली एक चकती, आणि तिला बाहेरून चुंबकानं चिकटणारी दुसरी. चालू केलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई, नवरा नामा, नर्स, सगळे एकाच आवाजात बोलले, पत्र्याच्या डब्यात कोंबडी कोंडल्यासारखे. जिजानं तिथल्या तिथं ती कोंबडी करून दाखवली.

"मेंदूला शिकवावं लागतं. रोज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिकवलं सुरभीनं. कामाला निघायच्या आधी ती ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं सूप धरायची आणि एकेक शब्द टाकायची.

"तांदूळ."

"काय, पांघरूण?"

"तां-दूळ."

हळूहळू कोंबड्यांची माणसं झाली, आणि माणसांतून एक माणूस वेगळं निघालं. होळीच्या सुमाराला एकदा जिजा ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "म्हणजे कसंय ना आई..." शेवटचं 'आई' लांबवून, वर नेऊन, तिथंच टांगून ठेवलं. आतून नवीन ओरडला, "सुरभी, चहा झाला का?" सुरभी तर त्याच्याच मागं उभी होती.

आषाढात तोच उजवा कान ठणकायला लागला.

ताप, कानदुखी, चक्कर, काहीही झालं तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हॉस्पिटलच्या बाकावर भेटलेल्या एका बाईनं सांगितलं होतं की तिच्या पोराच्या कानात पू झाला आणि मशीन काढावं लागलं. जिजाच्या डोक्यात बाकावरच्या बाईचं बोलणं वर राहिलं आणि डॉक्टरांचं खाली गेलं. तिनं तापाच्या गोळ्या घेतल्या, कानावरून रुमाल बांधला. चकती लावली की जास्तच ठणकायचं, म्हणून चकती डबीत ठेवली. "पावसात भिजंल," घरच्यांना म्हणाली. पटण्यासारखंच होतं.

रविवारी लावणी होती. सगळी माणसं चिखलात उतरली, सुरभीसुद्धा. रोपं लावत मागं मागं सरकायचं काम. जिजाची पात, तिच्या वाट्याची रोपांची ओळ, उजवीकडं वळत वळत थोरल्या जावेच्या, जनाच्या पातीत घुसली.

जना तिच्यापुढं आली आणि तिला दिसेल असं बोलली, "जिजे, तुजी पात रसायनीला निघाली काय गं?"

जिजा हसायला म्हणून ताठ झाली आणि शेत फिरलं. बांध वर गेला, डोंगर खाली आला. ती दोन पावलं उजवीकडं गेली, हात पसरून सावरली, परत गेली. रांगेत हशा फुटला. चकती घरी डबीत होती, जिजाला ऐकू काही येत नव्हतं, पण उघडी तोंडं आणि मांड्यांवरच्या थापा दिसत होत्या.

"गजा केलान बघ, गजा."

"आज सकाळीच भरून आलास रं?"

जिजानं ते कबूल करून टाकलं. हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला आणि चिखलात बसकण मारली. टाळ्या पडल्या.

सुरभी हसली नाही. हातातली रोपांची मूठ टाकून ती आली.

"आई कुणाचीही नक्कल आधी आवाजानं करतात," ती जनाला म्हणाली. "गजाकाकांचं 'काय पावनं' कुठंय?"

"मंग नवी तऱ्हा काढली असंल," जना म्हणाली, पण तिचंही हसू तिथंच राहिलं.

सुरभीनं रुमाल सोडला. कानामागची चामडी लाल होऊन ताणली होती.

"कधीपासून?"

जिजा तिच्या ओठांकडं बघेना. सुरभीनं हनुवटी धरून तोंड वळवून घेतलं. "आई, कधीपासून?"

"काढतील गं मशीन," जिजा म्हणाली. "मंग तू परत मुकी होशील."

"मी नाही होत मुकी. उठा."

जिजाला उठता येईना. नामानं आणि सुरभीनं तिला धरून बांधावरून नेलं, टेंपोत बसवलं. जना टेंपोबरोबर चालत राहिली. "मला काय म्हाईत," ती परत परत म्हणत होती, "गजा तर ती नेहमीच करती."

संसर्ग आतल्या कानापर्यंत पोचला होता. सलाईनमधून औषधं गेली, कानामागची जागा उघडून धुतली. मशीन वाचलं. पण आत सूज होती तिथं हाड वाढू लागलं होतं, आणि तारेवरची बरीच टोकं आता काम देणार नव्हती. तोल सावकाश येईल, अंधारात मात्र कुणाचा तरी हात धरा, असं सांगून घरी सोडलं.

गणपती गेल्यावर मशीन पुन्हा जुळवायला बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी खूण केली तशी सुरभी जिजाच्या पाठीमागं जाऊन काहीतरी बोलली.

"ह्या कोन, नर्सबाई काय?" जिजानं विचारलं.

जिजानं मान वळवली तेव्हा मागं सुरभी एकटीच होती.

"पहिल्याइतकं येईल का परत?" सुरभीनं डॉक्टरांना विचारलं.

"तेवढं नाही. रोज ऐकवलंत तर यातलं काही." मग त्या जिजासमोर बसून सावकाश म्हणाल्या, "कान दुखला तर?"

"त्याच दिवशी," जिजा म्हणाली, अगदी त्यांच्याच तऱ्हेनं, चष्म्यावरून बघत. डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही.

येताना गाडी नवीन चालवत होता. सुरभी मागं, जिजाच्या उजव्या बाजूला बसली.

"बोल," जिजा म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"काय बोलू?"

काहीच कळलं नव्हतं, तरी जिजा म्हणाली, "कायबी."

सुरभी बोलत राहिली. ऑफिसातल्या साहेबांवर बोलली, मावशीच्या नव्या घरावर बोलली, नवीनच्या घोरण्यावर बोलली. नवीन पुढून "ए" म्हणाला. जिजाला नुसती खरखर. पनवेल गेलं, चौक गेलं, खरखर चालूच. सुरभीचा घसा बसत आला. खोपोलीच्या शिळफाट्याला गर्दीत गाडी हळू झाली.

"कणसं," जिजा मधेच म्हणाली.

सुरभी थांबली. जिजानं डोळे उघडले नव्हते. सुरभीनं तिच्या दंडाला हात लावला, जिजानं पाहिलं. "काय म्हणालात?"

"आत्ता कणसं म्हनलीस ना?"

सुरभीनं होकारार्थी मान हलवली.

"मंग नुसती म्हनतीस काय? नव्या, गाडी बाजूला घे." आणि परत डोळे मिटत ती सुनेला म्हणाली, "तू थांबू नको गं. बोल."