बेडकांच्या घरासाठी चार गुंठे

भवानीनगरपासून पार इंदापूरपर्यंत जेवढी माणसं उसावर जगतात, त्या सगळ्यांत खरा शहाणा माणूस एकच होऊन गेला आणि तो म्हणजे आमचे दाजी. हे मी ठासून सांगतो. ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला शेळगावात, नोकरीला साखर कारखान्यात फिटर, अंगानं काटकुळे, जिभेनं फटकळ, आणि घरात बेडूक पाळणारे. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, बैलांच्या शिंगांना रंग लावून मिरवतात, काही जण तर पुढारीसुद्धा पाळतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. दाजींनी चार बेडूक पाळले तर निम्म्या गावानं त्यांना खुळ्यात काढलं. उरलेलं निम्मं गाव त्यांच्या भावकीचं होतं, ते आधीपासूनच काढून बसलेलं.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असेल. उसाच्या बांधणीच्या वेळी सरीत त्यांना पाय तुटलेला एक बेडूक सापडला. तो त्यांनी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी अक्कानं तोच डबा घासून, भाकरी-भाजी भरून पुन्हा त्यांच्या हातात दिला. डब्याची खरी हकीकत कळल्यावर अक्का दोन दिवस जेवली नाही. दाजी मात्र त्याच डब्यात रोज पोटभर जेवत होते. मग त्यांना सवयच लागली. कुठं कोयत्यानं कापलेला, कुठं ट्रॅक्टरखाली दबलेला, असा एकेक करत घरात सात बेडूक झाले आणि दाजींनी त्यांच्यासाठी घर बांधायला घेतलं.

आता फिटर माणूस, हाताला बट्टा लागेल असं काम तो करायचा नाही. नवाकोरा जस्ती पत्रा आणला, त्याला अँगलची चौकट मारली, वर तांब्याची जाळी ताणून बसवली, बाहेरून-आतून हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. आत घालायला माती आणली ती स्वतःच्या उसातली. घरात पाहुणा आला की आपण चांगली सतरंजी अंथरतो, त्या हिशेबानं त्यांनी सगळ्यात जोमदार सरीतली काळीभोर माती उचलली. मी बारामतीहून मुद्दाम बघायला गेलो होतो. खरं सांगतो, एमआयडीसीत आमच्या साहेबांची केबिनसुद्धा एवढी देखणी नव्हती.

आठवड्याच्या आत सातही बेडूक मेले. दाजी त्या दिवशी कामावर गेले नाहीत. पडवीत त्या हिरव्या पेटीसमोर उकिडवे बसून होते. मी समजूत काढायला म्हणून काहीतरी बोललो, बेडूकच ते, असं काहीसं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पाव्हणं, मरायची ती सरीतबी मेली असती," ते म्हणाले. "पर मी त्यास्नी घर बांधून मारलं."

दुसऱ्या कुणी तिथंच सोडून दिलं असतं. दाजी फटफटीवर बसून बारामतीला आले आणि मला घेऊन कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडं गेले. प्राध्यापक भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं की बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो, श्वासही बराचसा कातडीनंच घेतो. तुम्ही त्याला ज्याच्यावर बसवाल ते त्याच्या अंगात उतरणार. जस्त उतरणार, तांबं उतरणार, रंग उतरणार. मग त्यांनी मातीचं विचारलं. दाजींनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की दोन डोस युरिया आणि हुमणीच्या किडीवरची विषारी पावडर सढळ हातानं टाकलेली माती आहे, अख्ख्या शिवारात तशी सापडायची नाही. प्राध्यापक म्हणाले, मग तेही अंगात उतरलं. दाजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो मी शेजारी बसून बघितला. निघताना प्राध्यापकांनी सहज विचारलं, बारावीच्या प्रॅक्टिकलला बेडूक लागतात, मिळतील का? दाजी उंबऱ्यात थांबले.

"मास्तर, तुमी तो आतनं बघितलाय, लई उपकार झालं," ते म्हणाले. "मला भाईरनंच बघू द्या."

त्यानंतर घरातल्या प्रत्येक वस्तूची झडती सुरू झाली. अक्काच्या शोकेसच्या काचा निघाल्या आणि कपबशा उघड्यावर आल्या. काचा जोडायला त्यांनी पुण्याहून शोभेच्या माशांच्या दुकानातला डिंक आणला आणि त्याचा आंबूस वास पुरता जाईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ पेटीत नाक घालून हुंगत राहिले. झाकणाला नायलॉनची जाळी, म्हणजे उडी मारली तरी नाक सोलायला नको. लपायला कोऱ्या मडक्याचं खापर. ओढ्यातले गुळगुळीत गोटे आधी चुलीवर उकळायचे. नारळाच्या शेंड्या पाच पाण्यातून काढायच्या. नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून ते दोन दिवस माठात निवत ठेवायचं. एका म्हातारीनं चार कडुलिंबाचे डहाळे आणून दिले, चांगले असतात म्हणून, तर दाजींनी तिला चहा पाजून डहाळ्यांसकट परत पाठवली. त्या खोलीत उदबत्ती बंद, धूप बंद, डासांचा धूर बंद. शेजारचे आबा अत्तर लावून आले की त्यांना अंगणातच बसावं लागे. आबा चिडून म्हणाले की बेडकापायी माणसं तोडशील. दाजी म्हणाले, आबा, बेडूक तुमच्यागत अंगणात उठून जाऊ शकत न्हाय.

सगळं जमलं आणि गाडी मातीवर अडली. बिनविषाची माती कुठून आणायची? दाजींनी शिवारभर फिरून विचारलं. ज्याच्या बांधावर जावं तो सांगे, यंदा दोन पोती जास्त टाकलीत. भूषणच ते. साऱ्या पट्ट्यात खत-औषध न पडलेली माती शेवटी घरच्याच जमिनीत निघाली. ओढ्याकाठी चार गुंठ्यांचा एक मुरमाड तुकडा होता, चार बाभळी आणि बाकी गवत. तिथं कधी कुणी काही पिकवलंच नव्हतं. तिथली माती पेटीत घातली, नवे बेडूक सोडले, आणि ते जगले. महिने गेले, वर्ष गेलं, ते जगतच राहिले.

आणि नेमकी तेव्हा भावांची वाटणी निघाली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. दाजी थोरले. त्यांनी वाटे सरळ पाडले, पण ओढ्याकाठचे चार गुंठे मला द्या म्हणाले. धाकट्याला तिथं मोटर बसवून ऊस पार ओढ्यापर्यंत न्यायचा होता, तो अडून बसला. घासाघीस पार संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी दाजींनी आपल्या वाट्यातली पाटाखालची वीस गुंठे काळी सोडली आणि ते चार गुंठे घेतले. बैठकीतले एक तात्या कळवळून म्हणाले, अरे, कुणी फसवतंय का तुला?

"तात्या, त्या इसात एक बेडूक जगत न्हाय," दाजी म्हणाले. "ह्या चारात जगतो. मला जमीन कळती."

कागद झाला. अक्कानं अबोला धरला, दोन महिने. घरात जे काही सांगायचं ते ती बेडकांच्या पेटीकडं बघून सांगे. "इचारा म्हणावं, भाकरी टाकू का," असं ती बेडकांना म्हणे आणि दाजी पलीकडून "व्हय म्हणून सांगा" असा निरोप धाडत. मी चिडलो होतो, हेही कबूल करतो. बहिणीच्या ताटातले वीस गुंठे गेले होते. मी दाजींना वाट्टेल ते बोललो. त्यांनी मला ओढ्याकाठी नेलं, मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. मला त्यात काही दिसलं नाही. मी हात झटकला. आज त्या झटकण्याची मला लाज वाटते.

दशक सरता सरता दाजी झोपेतच गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्याचा ट्रॅक्टर ओढ्याकाठी आला, ट्रॉलीत खताची पोती. त्याचा हेतू वाईट नव्हता. वहिनी, पड कशाला ठेवता, मी ऊस लावतो, निम्मं तुमचं, असं तो म्हणत होता. मी मनात म्हटलं, चला, अक्काला आधार झाला. अक्का आमच्या पुढं चालत गेली आणि बांधावर ट्रॅक्टरच्या तोंडाशी उभी राहिली.

"भाऊजी, मागं घ्या," ती म्हणाली. "हितं काय टाकायचं न्हाय. पोतंसुदिक उतरायचं न्हाय."

तो म्हणाला, दादा गेला की आता. ती म्हणाली, त्यांची बेडकं हायत. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, दाजींच्या बाजूनं बोललो. वहिनी म्हणतात तसं कर, म्हणालो. ट्रॅक्टर मागं गेला.

मग अक्कानं पदराच्या ओटीत माती घेतली आणि आम्ही घरी आलो. पेटीत दोन बेडूक उरले होते. तिनं माती पसरली, जाळी लावली आणि तिथंच फरशीवर बसली. बराच वेळ बघत राहिली.

"ही किती वर्सं जगत्यात रं?" तिनं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मला बी न्हाय ठावं," अक्का म्हणाली. "तुझ्या दाजीस्नी कधी इचारलंच न्हाय."