डीजेचा रॅम्प

"पुढच्या दाराला रॅम्प? मॅडम, ह्यो बंगला हाय, दवाखाना नाय."

काशिनाथशेठ ओटीवरच्या झोपाळ्यातून उठलेसुद्धा नाहीत. पनवेलजवळ, कोन गावाच्या अलीकडच्या एका गावात, हायवेला लागून गेलेल्या जमिनीवर त्यांनी हा बंगला बांधला होता. गुलाबी रंग, काळ्या ग्रॅनाइटच्या पाच पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन सिंह. सिंहांचे दात दरवर्षी दिवाळीला पांढरे रंगवले जात.

त्या पाच पायऱ्यांनीच माझी केस अडवून ठेवली होती.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पनवेलच्या एका संस्थेत नोकरीला होते. फिजिओथेरपिस्ट हातापायांत ताकद आणतो. आम्ही त्या ताकदीवर रोजचं आयुष्य कसं काढायचं ते शिकवतो. आंघोळ, कपडे, पलंगावरून खुर्चीत जाणं. या शेवटच्याला आमच्याकडे ट्रान्सफर म्हणतात. अपघात, पक्षाघात वगैरे झालेल्यांच्या घरी जाऊन ही सेवा फुकट द्यायची. फुकट म्हटलं की निम्मे लोक दारातूनच संशयाने बघायचे. काशिनाथशेठ निदान चहा तरी द्यायचे.

त्यांचा मुलगा निलेश, पंचविशीतला. मोटरसायकलवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्याआधी गावच्या टीमचा विकेटकीपर. हात दणकट, डोकं तल्लख. मी शिकवलेलं ट्रान्सफर त्याने इतक्या लवकर उचललं की मलाच चार दिवस मिरवावंसं वाटलं. व्हीलचेअरवर तो घरभर फिरायचा, स्वतः आंघोळ करायचा, आईला लसूण सोलून द्यायचा. पण दाराबाहेर पाऊल नाही. दोन पावसाळे तो खिडकीतून बघत होता.

"चौघं उचलून खाली ठेवतील की," मी एकदा म्हटलं.

"चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच आसतं मॅडम," तो म्हणाला. त्यानंतर तो सल्ला मी त्यालाच काय, कुणालाच दिला नाही.

म्हणून रॅम्प. रॅम्प म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठी उतार. त्याचा हिशोब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून उभा केला तर खुर्ची चढवताना माणूस दमतो आणि उतरताना तोंडावर आपटतो. शेठच्या पाच पायऱ्या मिळून अडीच फूट. म्हणजे तीस फूट.

"तीस फूट?" शेठ म्हणाले. "एवढ्यात इमान उतरंल. इमानतळ तिकडं व्हनार हाय मॅडम, माझ्या अंगनात नाय."

"मग मागच्या दाराला करू. तिथे कोणाला दिसणार नाही."

शेठचा चेहरा एकदम बदलला. "माझा पोरगा मागच्या दारानं नाय जानार."

"पुढून नको, मागून नको. मग त्याने जायचं कुठून?"

"पायऱ्यांवरून. चालत." त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "एकवीरा आईला नवस केलाय मी. आता तुमचा रॅम्प बांधला म्हंजे मीच बोललो का त्यो नाय चालनार. आईला काय सांगू?"

डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं. निलेशला ते ठाऊक होतं आणि त्याने ते पचवलंही होतं. डॉक्टर सांगत होते तेव्हा शेठही खोलीत हजर होते. पण बापाला ते पुन्हा ऐकवणं माझ्या जिभेवर आलं नाही. मी चहा संपवला आणि स्कूटीला किक मारली. रागच आला होता, खोटं कशाला सांगू. सिंहाचे दात रंगवायला वेळ आहे म्हणे.

ऑफिसात देशमुख सर आमचे प्रमुख. माणूस चांगला, पण वेटिंग लिस्ट त्यांच्या मानेवर बसलेली.

"घरात इंडिपेंडंट आहे ना? मग केस क्लोज करा."

"सर, तो घराबाहेर पडलेला नाही."

"ते फॅमिलीचं डिसिजन आहे. सुकापूरला तीन पेशंट थांबलेत."

"एक महिना द्या."

"कशाच्या जोरावर?"

जोर काहीच नव्हता. तरी त्यांनी महिना दिला.

त्या महिन्यात निलेशच्या बहिणीचं, पूनमचं लग्न निघालं. आगरी घरातली हळद म्हणजे काय हे पनवेलकराला सांगायला नको. लग्नाला एक वेळ माणूस चुकेल, हळदीला चुकणार नाही. अंगणभर मांडव, सगळं गाव आणि डीजे. मी गेले तेव्हा पूनम रडून बसली होती.

"दादा बोलतो खिडकीतून बघंन. मॅडम, मी त्याला हळद खिडकीतून लावू का?"

निलेश लसूण सोलत राहिला.

आणि मग एका दुपारी काशिनाथशेठचा फोन आला. या माणसाने मला आजवर स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, ते तुमचं एका फुटाला बारा फूट. ते डीजेच्या बॉक्सला पन लागतं का?"

"कसलं?"

"डीजे ओटीवर लावनार हाय. अंगनात नाचायला जागा पायजे ना. ते बॉक्स चाकांवर आसतात. पायऱ्यांवरून कशे चढवायचे? मंडपवाला बोलतो, फळ्या टाकून उतार करतो."

मला हसू फुटत होतं. "लागतं तर! बॉक्सला जास्तच लागतं शेठ. घसरला तर माणूस मरेल." इतकं बेधडक खोटं मी नोकरीत दुसऱ्यांदा कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन हजर झाले. बबन मंडपवाल्याने लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला होता. उतार बराच उभा होता. मी तो मोडायला लावला, भिंतीच्या कडेने लांब नेला, मध्ये वळायला सपाट जागा ठेवायला लावली. वर जाड प्लायवुड. त्यावर बबन लाल गालिचा घालायला निघाला तर तोही काढायला लावला. गालिच्यात चाकं रुततात. रुंदी साडेतीन फूट.

"बॉक्स एवढा रुंद आसतो?" बबनने विचारलं.

"आसतो," शेठ तिकडे न बघताच म्हणाले.

"दोन्ही बाजूंना रेलिंग लाव," मी म्हटलं.

"रेलिंग कशाला?"

मी कारण शोधेपर्यंत शेठच बोलून गेले, "बॉक्स पडाया नको."

नशीब माझ्यावर इतकं मेहेरबान कधीच नव्हतं. मला वाटलं, काय हुशार आहे मी.

जाताना निलेशच्या खोलीत डोकावले. "उतार बरोबर झालाय. उतरताना पुढे झुकू नकोस. पाठ टेकून ठेव, चाकाची रिंग हातातून हळूहळू सोड."

"त्यो डीजेचा हाय," तो म्हणाला.

"डीजे आल्यावर रिकामाच राहील."

"बघू," एवढंच म्हणाला.

हळदीच्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. ड्यूटी नव्हती, साडी नेसून गेले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओटीवर काळे बॉक्स रचलेले आणि पूनम पाटावर बसलेली. बायका एकेक करून तिला हळद लावत होत्या. तिची नजर मात्र दाराकडे.

आणि दारात खुर्ची आली. अंगात पिवळा टी-शर्ट, हातात विकेटकीपिंगचे जुने आतले ग्लोव्हज. मी गर्दीतून वाट काढत त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. हात मात्र लावला नाही. तो उताराच्या तोंडाशी थांबला, खाली बघितलं, पाठ टेकली आणि सुटला. सुटला म्हणजे हळूहळूच, रिंगवर बोटं ठेवून. वळणाच्या सपाट जागेवर थांबला, खुर्ची फिरवली, पुन्हा निघाला. डीजेच्या पोराने न सांगता गाणं बंद केलं.

"बंद का केला रं?" शेठ ओरडले. "वाजव!"

ओरडताना त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. गाणं परत सुरू झालं. निलेश पाटासमोर जाऊन थांबला आणि दोन्ही हातांनी पूनमचं तोंड हळदीने माखलं. मग तिने त्याचं. मी रडले. प्रोफेशनल माणसाने रडू नये म्हणतात, म्हणोत.

हळद झाली, लग्न झालं. बबन सामान काढायला आला तर शेठ म्हणाले, "ऱ्हावं दे. सत्यनारायन हाय, परत डीजे लागंल." सत्यनारायणाला डीजे कुणी ऐकलाय? नंतर गणपतीचं कारण निघालं. दिवाळीत सांगाडा निघाला आणि त्या जागी सिमेंटचा पक्का रॅम्प आला. वरून काळा ग्रॅनाइट, पॉलिश केलेला, आरशासारखा. मी डोक्याला हात लावला. पहिल्या पावसात पोरगा थेट गेटबाहेर जाईल म्हटलं. मग खडबडीत लाद्या बसल्या. एक सिंह बाजूला सरकवावा लागला. निलेश आता गावच्या टेनिस क्रिकेटच्या मॅचेसना कॉमेंट्री करत होता, आणि त्याच्या तोंडाला लागू नये म्हणून बॅट्समन जपून खेळत असत.

देशमुख सरांना मी सांगितलं, डीजेच्या निमित्ताने कसा रॅम्प करून घेतला ते. त्यांनी ते स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगायला लावलं. मीही रंगवून सांगितलं.

पुढे आमच्या संस्थेच्या कार्यक्रमाला स्टेजवर रॅम्प हवा होता. बबनला फोन केला. "तो डीजेचे बॉक्स चढवायचा रॅम्प आण रे."

बबन हसायला लागला. "बॉक्सला कुठं रॅम्प लागतो मॅडम? चार पोरं उचलून ठेवतात. सगळीकडं तसंच करतात."

"मग शेठकडे?"

"शेठनी मना बाजूला घेऊन सांगितलेलं. रॅम्प कर, पन डीजेसाठी हाय आसं बोलायचं. मॅडमना पन. त्यांनाच मापं इचारनार होते ना. रेलिंग कशाला ते मी उगाच इचारलं."

खोटं आम्ही दोघंही बोललो होतो. त्यांचं जास्त मोठं आणि जास्त अवघड होतं. एकवीरा आईला दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता, आणि पोरगा पुढच्याच दाराने खाली आला होता.

त्यानंतर कुणाच्याही घरी गेले की आधी विचारत असे, घरात पुढचं कार्य कधी आहे? मापं नंतर.

शेठ त्याला अजूनही डीजेचा रॅम्प म्हणतात. मीही तेच म्हणते.