नीमाचे भरलेले डबे

परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत करायला कॉलेजने माझी निवड केली, कारण मी कोणाशीच बोलत नाही. (गप्प बसणारी मुलगी जबाबदार असते, असा आमच्या मॅडमचा समज आहे. त्यात माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं.) माझ्या वाट्याला आली टांझानियाची नीमा. परळच्या हॉस्टेलमध्ये नव्याने राहायला आलेली. पहिल्या आठवड्यात मी तिला लायब्ररी, कँटीन आणि झेरॉक्सचं दुकान दाखवलं आणि माझ्याकडचे विषय संपले.

मग आईने सूत्रं हातात घेतली. परक्या मुलखातली पोर हॉस्टेलचं जेवते, हे काळाचौकीत बसून तिला बघवेना. तिने स्टीलच्या डब्यात घावणे आणि चटणी भरून दिली. दुसऱ्या दिवशी नीमाने डबा परत दिला. घासूनपुसून लखलखीत आणि रिकामा.

आमच्या चाळीत भांडं रिकामं परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. रिकामा डबा बघून आईला वाटणार, घावणे आवडले नाहीत, डबे थांबणार, आणि नीमाशी बोलायचं माझं एकमेव कारणही थांबणार. नीमाला ही रीत सांगायची तर बोलावं लागणार. म्हणून मी सोपा मार्ग निवडला. नाक्यावरच्या बेकरीतून नानकटाई घेतली, डब्यात रचली आणि नीमाने दिली म्हणून आईच्या हातात ठेवली.

आईने एक खाल्ली. "रीत आहे हो पोरीला."

रीत होती म्हणून पुढचा डबा मोठा गेला. तोही रिकामा आला. मी मावा केक भरले, त्यापुढच्यात खारी. शेजारच्या परबकाकूंनी टांझानियाची खारी चहात बुडवून खाल्ली आणि तिकडचा मैदाच वेगळा असतो, असं मत दिलं. दिवाळीपर्यंत मजल्यावरची चार घरं नीमासाठी डबे देऊ लागली! ज्या बेकरीवाल्याशी मी जन्मात एक शब्द बोलले नव्हते, तो मला लांबून बघूनच विचारायचा, "आज किती डबे?"

एकदा मी आंघोळीला गेले असताना नीमाचा फोन आला आणि तो आईने उचलला. "संडे. कम. फिश," एवढं बोलून ठेवलासुद्धा. मला तीन महिन्यांत जमलं नव्हतं ते तीन शब्दांत झालं.

रविवारी नीमा आली ती मैदा, नारळ आणि वेलची घेऊन. दारातच मला म्हणाली, आईंना सांग, आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. हॉस्टेलमध्ये गॅस नाही, म्हणून इतके डबे मी रिकामे दिले. फार लाज वाटते. आज तुमच्या गॅसवर मला काहीतरी करू दे.

"काय म्हणते गो ती?" आईने विचारलं.

भूक लागलीय म्हणते, असं भाषांतर माझ्या जिभेवर आलंही होतं. पण नीमाने रिकामा डबा उघडून आईपुढे धरला होता. मग मी फरशीकडे बघत सगळं सांगितलं. बेकरीसकट.

आईने तो डबा हातात घेतला. "नानकटाई नाक्यावरची, हे मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू स्वतःहून दुकानात जाऊन बोलायला लागली होतीस. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

दुपारभर नीमा नारळाचे गोड वडे तळत होती आणि आई खवलेलं खोबरं तिच्या हाताशी सरकवत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि ती त्यांना लागलीही नाही. रीत दोन्हीकडे एकच होती. तीन महिने मी मध्ये उभी राहून ती दोघींपासून लपवली होती.

नीमा निघाली तेव्हा आईने डबा भरून तिच्या हातात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला जरा सांभाळून घे गो. कोणाशी बोलत नाही ती."

काय म्हणतात त्या, म्हणून नीमा माझ्याकडे बघू लागली. हे वाक्य इंग्रजीत करून सांगायचं काम अर्थातच माझं होतं.