सुनंदाचा सोमवार

आमच्या गावाहून रत्नागिरी वीस किलोमीटरही नाही. तीस वर्षं जहाजांवर स्वयंपाकी म्हणून जगभर हिंडलेल्या माणसाने याला प्रवास म्हणू नये. पण त्या सोमवारी सकाळी साडेसातच्या एसटीत चढताना मी दांडा इतका घट्ट धरला, जितका भर वादळात डेकवरही कधी धरला नव्हता. खिडकीशी माझी बायको सुनंदा बसली होती. दीड महिन्यापूर्वी तिच्या डाव्या छातीतली गाठ काढली. आज किमोचं पहिलं औषध. एकूण चार, दर एकवीस दिवसांनी एक.

घरातून निघतानाच तिने बजावलं होतं, "एकदा येते. नाही सोसलं तर पुन्हा नाव काढायचं नाही." बाई बोलली की बोलली. मी मान डोलावली.

आरे-वारेच्या वळणावर खाली समुद्र निळाशार होता आणि कठड्याशी पर्यटक फोटो काढत होते. "यांना सोमवारी कामधंदे नसतात का हो?" सुनंदा म्हणाली. तिचा नेहमीचा सूर ऐकून बरं वाटलं. साखरतरच्या पुलावर वाऱ्याबरोबर सुकटीचा (वाळवलेल्या बारीक मासळीचा) वास आला, आणि तिने नाकाला पदर लावला. एरवी ती असं करत नाही.

हॉस्पिटलातली किमोची खोली मी मनात फार भयंकर रंगवली होती. प्रत्यक्षात तिथे सहा आरामखुर्च्या होत्या, खिडकीबाहेर आंबा होता आणि एसी मात्र हाडं गोठवणारा. तुमच्यापैकी कुणाला जावं लागलं तर शाल विसरू नका, आम्ही विसरलो होतो. सिस्टरने वजन घेतलं, रक्तदाब बघितला, आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट वाचला. मग विचारलं, "काकू, काय खाऊन आलात?"

"काही नाही. सोमवार आहे माझा."

इथे मी कबुली दिली पाहिजे. सुनंदाचा सोमवार कडक. दिवसभर पाणी आणि कोरा चहा, बाकी काही नाही. मी पहिल्यांदा जहाजावर गेलो, तेव्हा मी सुखरूप परत यावं म्हणून तिने तो धरला. मी निवृत्त झालो, तिचा उपास काही निवृत्त झाला नाही. आणि मी दीडशहाणा! ऑपरेशनला उपाशीपोटी बोलावलं होतं, म्हणजे आजही तसंच असणार, असं धरून चाललो होतो. 'आयतंच जमलं की,' असं तिला म्हणालोही होतो.

"काका, तेव्हा भूल द्यायची होती," सिस्टर म्हणाल्या. "हे औषध रिकाम्या पोटी चढवलं तर मळमळ जास्त होते. थोडं हलकं खायलाच हवं."

"मग आज नको," म्हणत सुनंदाने पिशवी उचलली. ही आज उठली तर परत येणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

आमच्याकडे बाई आजारी असली की घरातलं कुणीतरी तिचा उपास आपल्याकडे घेतं. ती त्याच्या तळहातावर पाणी सोडते, की झालं. घेणारी सून असते नाहीतर मुलगी. नवऱ्याने घेतल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"मी घेतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती हसलीच. "सकाळी चार घावणे हाणलेत की!"

"मग आतापासून उद्या दुपारपर्यंत. तास भरले म्हणजे झालं."

"मासळीबिगर एक दिवस काढलाय कधी?"

"काकू, सोडा पाणी," सिस्टर म्हणाल्या. "पण बेसिनवर सोडा हं, फरशी आत्ताच पुसलीय."

बेसिनवर मी हात धरला. सुनंदाने बाटलीतलं पाणी सोडलं आणि पुटपुटली, "बा देवा महाराजा, आजचा सोमवार ह्यांच्या हातावर. मोडला तर मला बोल लावू नकोस."

समोरच्या खानावळीतून मी आटवल (मऊ भात) आणायला गेलो. तिथल्या बाई बांगडे तळत होत्या. "तुमाला काय वाढू? बांगडा ताजा हाय."

"माझा उपास आहे," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.

सुनंदाने अर्धी वाटी आटवल खाल्ली. मग उजव्या हाताला सुई लावली, डाव्या बाजूचं ऑपरेशन म्हणून. आधी मळमळीवरचं औषध, मग सरबतासारखं लाल औषध. सिस्टर समजावून सांगत होत्या. लघवी लाल झाली तर घाबरायचं नाही, औषधाचाच रंग तो. पाणी भरपूर प्यायचं. ताप शंभराच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता निघायचं. गुळवेलीचा काढा विचारल्याशिवाय नाही. केस दोन-तीन आठवड्यांनी जातील, पण पुन्हा येतील. हे ऐकून सुनंदाने एकदा वेणीवरून हात फिरवला, आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

शेजारच्या खुर्चीत दाभोळचे एक मच्छीमार होते. "माजा चवथा डोस हाय, वयनी," ते म्हणाले. "चार दिवस अन्न मातीसारखं लागतं. मग येते चव. मना तर पयला बोंबील गोड लागला!"

तीन तासांनी सुटलो. येताना रिक्षा केली. सुनंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. एकदा मळमळलं म्हणून गाडी थांबवली, दोन घोट पाणी पिऊन ती म्हणाली, "चला."

संध्याकाळी पडवीत बसलो होतो. माझ्या पोटाने इतका आवाज केला की तिने वळून बघितलं. इतकी बंदरं बघितली, प्रत्येक ठिकाणी पोटभर जेवलो. त्या वर्षांतल्या दर सोमवारी ही बाई इथे माझ्यासाठी उपाशी होती, आणि ते कसं जातं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही.

"सुरुवातीला जड जातं," ती म्हणाली. "मग जमतं."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"एकवीस दिवसांनी पण सोमवारच येतोय," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळपासून धरा. असा अर्धवट चालायचा नाही."

मी आत गेलो आणि कॅलेंडरवर त्या सोमवारभोवती गोल केला.